बांधावरचा दगड

गोरक्ष सुरवसे पाणाडी आहे. म्हणजे होता. खर्ड्याच्या अलीकडे चाळीस-पन्नास उंबऱ्यांची वाडी लागते, तिथला. कुणाला बोर घ्यायचं झालं की आधी गोरक्षला बोलावणं जायचं. गडी सकाळी अंघोळ करून यायचा, चपला बांधावर काढायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रान तुडवत निघायचा. मागं घरधनी, त्याची बायको, भावकी, सगळे तोंडाला कुलूप लावून. चालता चालता एका जागी नारळ सावकाश उठायचा आणि तळहातावर उभा राहायचा. तिथं गोरक्ष टाच रोवायचा, एक दगड आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "हितं घ्या." बोरची गाडी येईपर्यंत तो दगड कुणी हलवायचा नाही, हा नियम.

नारळ आपोआप उठायचा की गोरक्ष उठवायचा, हे त्यालाही धड सांगता यायचं नाही. बापाकडून आलेली विद्या, आणि बापाला असले प्रश्न विचारायची सोय नव्हती. पण माणूस मनानं खोटा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात. घाला. तो स्वतःही घालतो.

तर झालं असं की दोन वर्षं त्याच्या दगडाला पाणीच लागेना. पहिलं बोर कोरडं गेलं तेव्हा लोक म्हणाले, चालायचंच. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. पाचवं त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, आप्पासाहेबाचं. साडेचारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा उडाला. गाडीवाल्याच्या अंगावर, आप्पासाहेबाच्या टोपीवर, गोरक्षच्या मिशांवर. त्याच दिवशी कल्याण टेम्पोवाल्यानं त्याचं बारसं केलं: गोरक्ष फुफाटे. टपरीवर गेला की कुणीतरी चहाचा कप पालथा घालून विचारायचं, "फुफाटे, बघा बरं, ह्यात काय लागतंय का?" सगळी टपरी खिदळायची. गोरक्षही हसायचा. घरी आल्यावर मात्र भाकरी घशाखाली उतरायची नाही. लोक आता पाणी बघायला बीडकडून मशीनवाला आणायला लागले होते.

अशात माघ महिन्यात त्याची पोरगी ज्ञानेश्वरी आजारी पडली. नऊ वर्षांची, चौथीत. घरात सगळे तिला ज्ञानू म्हणायचे. लंगडीत हरायचं नाव नाही, पाढे असे ठणाणा म्हणायची की शेजारची म्हैस दचकायची. एकुलती एक. गोरक्षचा तिच्यावर फार जीव. तिच्यावर जीव नसता तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थच नव्हता.

दोन दिवस तिचं डोकं दुखलं, अंगात कणकण आली. गोळी दिली, ताप उतरला. मग पोरगी झोपेनाच. शाळेतून गुरुजींचा निरोप आला, ज्ञानूनं निकिताला चावा घेतला. निकिता म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, एका डब्यात खाणाऱ्या दोघी. मग कारण नसताना हसायला लागली, मध्येच भिंतीकडे बघून अंग चोरून घ्यायची. तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलायचा. उजवा हात गोल गोल फिरत राहायचा. आणि आवाज घोगरा, शब्द अर्धे, तेच ते.

गोरक्षची आई साळूबाई म्हणाली, "वारं हाय ह्ये. देवीचं वारं. माझ्या सासूला आसंच यायचं."

"आत्या, मला न्हाई तसं वाटत," मोनिका म्हणाली. मोनिका गोरक्षची बायको. दहावी पास, कमी बोलणारी, पण बोलली की वजनाचं बोलणारी. "अहो, जामखेडला दाखवून येऊ की."

"मंगळवार हू दे," गोरक्ष म्हणाला.

मंगळवारी पोरीचे केस मोकळे सोडले, कपाळभर मळवट भरला, पाटावर बसवलं. बातमी फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत ओटीवर माणूस मावेना. कुणाचा पोरगा भरतीत लागंना, कुणाची म्हैस गाभ धरंना. ज्ञानू पुटपुटायची आणि साळूबाई अर्थ सांगायची. आणि गर्दीत कल्याण आला, तोच कल्याण, पोरीच्या पायावर डोकं ठेवलं आणि गोरक्षला म्हणाला, "गोरखभाऊ, आमचं चुकलं. तुमच्या घरात येवढं हाय ह्ये आमाला ठावं न्हवतं."

भाऊ म्हणाला. फुफाटे नाही, भाऊ. आणि गोरक्षला बरं वाटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या दिवशी त्याला पोटभर जेवण गेलं. पोरगी समोर पाटावर हात फिरवत बसलेली, ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, आणि बाप दुसरी भाकरी मागत होता. पुढं हॉस्पिटलात त्याला तीच दुसरी भाकरी आठवायची आणि घास तोंडातच फिरायचा.

मोनिका रोज म्हणायची, जाऊ. गोरक्ष म्हणायचा, शुक्रवार हू दे. असे करत अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ज्ञानू पाटावरून उठली आणि बायकांच्या हातातून सुटून पळाली. गोठ्यामागून ज्वारीच्या रानात, तिथून सरळ दोघा भावांच्या सामाईक बांधाकडे. बांधावर एक बाभळ आहे. तिथं जाऊन धाडकन पडली. अंग ताठ झालं, डोळे फिरले, तोंडाला फेस. झटकाच आला तिला. पळण्यात गोरक्ष सगळ्यांच्या फार पुढं होता, बाकीचे अजून ज्वारीतच असताना तो पोचला. त्यानं बघितलं, पोरीची टाच मऊ मातीत रुतली होती. नीट रुतली होती, तो स्वतः रोवायचा तशी.

आणि बापानं काय केलं? तिथं दगड ठेवला. आधी दगड ठेवला, मग पोरगी उचलली.

मागून मोनिका पळत येत होती. तिनं बघितलं. तिनं त्याच्या हातातून पोरगी काढून घेतली आणि ओरडली, "कल्याण, टेम्पो काढ. आत्ता काढ." टेम्पोत बसता बसता गोरक्ष आप्पासाहेबाच्या कानाला लागला, "बाभळीपाशी दगड हाय. हलवू नका." हेही त्यानं केलं. सांगायचं तर सगळंच सांगावं.

मोनिकाचा भाऊ आदिनाथ नगरला सावेडीत राहतो, एका शाळेत शिपाई आहे. त्यानं फोनाफोनी करून मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळवून ठेवली होती. तिथं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, दीपा साळवे नावाच्या. तरुण बाई, आवाज शांत. ज्ञानूला तपासता तपासता त्यांनी विचारलं, "हे कधीपासून सुरू आहे? किती दिवस झाले?"

"परवापासून," गोरक्ष म्हणाला.

का म्हणाला? कारण ज्ञानूच्या कपाळावरचा मळवट अजून पुसलेला नव्हता आणि डॉक्टर त्याच्याकडेच बघत होत्या. अकरा दिवस म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, इतके दिवस काय केलंत? त्या एका प्रश्नाला भिऊन माणूस खोटं बोलला. मोनिकानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. नवऱ्याला परक्या बाईसमोर खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. तीसुद्धा चुकली, आणि तिला ते ठाऊक आहे.

परवापासून म्हटल्यावर डॉक्टरांनी मेंदूत कसला जंतू शिरला असेल असं धरून औषधं सुरू केली. दोन दिवस गेले. ज्ञानू बोलायची थांबली. डोळे उघडे, पण समोर कोण आहे याचा पत्ता नाही. गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. तिसऱ्या दिवशी मोनिका उठली, डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दाराशी उभं राहून सांगितलं, "मॅडम, परवापासून न्हाई. त्या दिशी अकराच्याबी वर दिवस झाले हुते. आधी भांडायची, झोपायची न्हाई, मैत्रिनीला चावली. मग हात फिरायला लागला. आमी तिला पाटावर बसवलं हुतं."

गोरक्ष तिच्या मागंच उभा होता. त्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आत घ्यावं. डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, एवढंच म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर आणखी एक तपासणी मी त्याच दिवशी पाठवली असती." आणि उठून कामाला लागल्या.

पोरीच्या पाठीतून पाणी काढलं होतं, त्यातलं तपासायला बाहेरगावी पाठवलं. मेंदूचा आलेख काढला. रिपोर्ट यायच्या आधीच औषध बदललं. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं, "शरीरात रोगाशी लढणारी राखण असते. कधी कधी ती राखणच बिथरते आणि आपल्याच मेंदूवर धावून जाते. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसाला चावावं तसं. त्यानं सूज येते. म्हणून मूल आधी वेड्यासारखं वागतं, मग झटके येतात, मग गप्प होतं. यात कुणाचा कोप नाही, कुणाचं वारं नाही. बहुतेक मुलं बरी होतात. पण वेळ लागतो, महिने लागतात. आणि औषध जितकं लवकर, तितकं चांगलं."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं. गोरक्षला ते मुद्दामच म्हटल्यासारखं लागलं.

पाच दिवस सूज उतरवायची सलाईन चालली. मग दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं एक औषध थेंब थेंब दिलं. ज्ञानू तशीच. मोनिका तिच्या उशाशी बसून तोंड पुसायची, कूस बदलायची, पाढे म्हणायची. बे एक बे, बे दुणे चार. गोरक्ष बाहेर बाकड्यावर. आत जायचं त्याला धाडस नव्हतं. पोरीनं डोळे उघडून ओळखलं नाही तर काय, आणि ओळखलं तर काय, दोन्हीची भीती.

नवव्या दिवशी बाकड्यावर बसलेला असताना आप्पासाहेबाचा फोन आला. मागं मशीनची घरघर, माणसांचा गलका. "गोरखा! लागलं रं! तुझ्या दगडाला लागलं! तीन इंची पानी, दोनशे फुटावर! आरं, उसळलंय नुसतं!"

आणि गोरक्ष हसला. मोठ्यांदा हसला, मांडीवर थाप मारून. हॉस्पिटलाच्या त्या बोळात सगळे वळून बघायला लागले. काचेच्या पलीकडे मोनिका हातात चमचा घेऊन उभी होती. ती बाहेर आली. "पानी लागलं का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि परत आत गेली. त्या 'बरं झालं'नं गोरक्ष मेल्याहून मेल्यासारखा झाला. शिवी दिली असती तर अंगावरून झटकता आली असती.

तेविसाव्या दिवशी सकाळी मोनिका पाढे म्हणत होती. सात सक बेचाळीस म्हणायच्या जागी तिची जीभ अडखळली. ज्ञानूचे ओठ हलले. घोगरा, कोरडा, पण तिचा स्वतःचा आवाज आला, "लाईट बंद कर." बस्स, एवढंच. डोळ्यांवर दिवा येत होता तिच्या. मोनिका रडली, नर्स रडली, आदिनाथ पेढे आणायला पळाला. गोरक्षनं दिवा बंद केला आणि बटणावर हात ठेवून तिथंच उभा राहिला.

चैत्रात घरी आले. बरी झाली म्हणजे काय झाली, तर पहिल्या महिन्यात चालताना भिंत धरायची. चमचा हातातून पडायचा. 'ळ' कसा काढतात ते विसरली होती. बारीकसारीक गोष्टीवर ताट भिरकावून द्यायची आणि लगेच हमसून रडायची. दर महिन्याला नगरला जाऊन सलाईन. बोटांसाठी व्यायाम सांगितला होता, मोनिका तिला शेंगा फोडायला बसवायची. आधी एका तासात अकरा शेंगा, पावसाळ्यापर्यंत पायली. निकिता रोज यायची. चावल्याची खूण तिच्या दंडावर अजून होती, पण ती बाई त्याच हातानं ज्ञानूचा हात धरून पाटीवर 'ळ' गिरवून घ्यायची. लेकरांच्या पोटात कसं काही राहत नाही, देव जाणे.

गोरक्षकडे काम होतं चालवायचं. रोज सकाळी तिला घेऊन रानातून निघायचा. आज शंभर पावलं, उद्या सव्वाशे. पण बाभळ दिसायला लागली की तो वळायचा. "पप्पा, तिथवर जाऊ की," ज्ञानू म्हणायची. "आज नगं, दमशील," हा म्हणायचा.

बाभळीपाशी आता नुसतं बोर राहिलेलं नव्हतं. आप्पासाहेबानं तिथं सिमेंटचा ओटा बांधला होता. त्यावर तो दगड शेंदूर फासून बसवला होता. अर्धी वाडी त्या बोरचं पाणी भरत होती, उन्हाळ्यात टँकर लागला नाही. देवीनं पोरीच्या अंगात येऊन पाणी दाखवलं, हे आता पोरंसोरंही सांगायची. गोरक्षला लोक पुन्हा नारळ घेऊन बोलावत होते. तो पाठदुखीचं निमित्त सांगायचा. मोनिकानं, बाईमाणसानं, अकरा दिवसांचं खरं डॉक्टरांसमोर दाराशी उभं राहून सांगितलं होतं, आणि हा गडी माणूस वाडीसमोर एक वाक्य बोलू शकत नव्हता. बोललो तर काय राहतं? पोरीला आजार होता म्हणून सांगायचं, तर मग बापानं काय केलं तेही सांगावं लागणार. ते एक वाक्य घशात अडकवून गोरक्ष आठ महिने जगला.

ज्ञानूला त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं. शाळेच्या वाटेवर म्हाताऱ्या बायका वाकून तिच्या पायाला हात लावायच्या. तिला ते बिलकूल आवडायचं नाही. "पप्पा, ह्या माझ्या पाया का पडत्यात? मला भ्या वाटतं."

"लहान पोरी देवीच असत्यात, म्हनून," गोरक्ष म्हणाला.

"मग निकिताच्या का न्हाईत पडत?"

गोरक्षनं तिचं दप्तर सावरलं आणि भरभर चालायला लागला.

घटस्थापना आली. आप्पासाहेबानं ठरवलं, माळ घालायच्या दिवशी ज्ञानूला ओट्यावर बसवायची. "पाच मिनटं रं. नुसती बसू दे. सगळ्या वाडीचा मान हाय." गोरक्ष नाही म्हणाला नाही. त्याला नाही म्हणायची सवयच राहिली नव्हती. सकाळी मोनिका ज्ञानूची वेणी घालत होती, वर न बघता म्हणाली, "तुमी सांगनार का मी सांगू?"

"बघतो," गोरक्ष म्हणाला. हे 'बघतो' म्हणजे काय, ते नवऱ्याला आणि बायकोला दोघांनाही माहीत असतं.

ओट्याभोवती सगळी वाडी जमली. नवा पाट, हळदीकुंकू, हलगी. ज्ञानू आईचं बोट सोडेना. इतक्यात गर्दीतून गोजरबाई पुढं आली. पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी, कडेवर सहा वर्षांची नात. नातीची मान लुळी, डोळे एका बाजूला, ओठ चघळल्यासारखे हलताहेत.

"सरका, सरका," गोजरबाई म्हणत होती. "नऊ दिस झालं, झटके येत्यात लेकराला. सून म्हनली दवाखान्यात नेऊ. मी म्हनलं, घट चार दिसावर आल्यात, ज्ञानूदेवीच्याच हातनं अंगारा लावू."

नऊ दिस. गोरक्षनं त्या लेकराचे ओठ बघितले. ते हलणं त्यानं कुठंही ओळखलं असतं. आणि जे वाक्य आठ महिने येत नव्हतं ते एकदम आलं, नको तेवढं मोठ्यानं.

"आंगारा बिंगारा काय न्हाई! माझी पोरगी आजारी हुती!"

हलगी थांबली. आप्पासाहेब म्हणाला, "गोरखा, काय बोलतोस?"

"खरं बोलतो. मेंदूला सूज हुती तिच्या. वारं न्हाई, देवी न्हाई. अकरा दिस मी तिला पाटावर बसवली, कारन तुमी मला भाऊ म्हनाय लागला हुता. मला ग्वाड लागलं त्ये. पोरगी जळत हुती आन् मला ग्वाड लागत हुतं." त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "आन् ह्या बाभळीखाली ती पडली, झटका आला, तवा मी आधी दगड ठेवला. मग पोरगी उचलली. त्यो ह्यो दगड. ह्याला तुमी शेंदूर लावलाय."

मग कल्याण हळूच म्हणाला, "पर भाऊ, पानी लागलं की."

"लागलं. लागायचं तिथं लागतं पानी. ती हितं पडली, कारन तिचे पाय हितवरच चालले. कल्याण, टेम्पो काढ. गोजरकाकू, चला."

साळूबाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. कुणीतरी गर्दीतून "फुफाटे" असं पुटपुटलं. ते गोरक्षला ऐकू आलं आणि पहिल्यांदाच लागलं नाही. लागलं ते दुसरं. ज्ञानू आईचा हात सोडून पुढं आली होती. आजारानंतर ती बोलायच्या आधी जरा थांबते, शब्द गोळा करते. तशी थांबली आणि म्हणाली, "पप्पा, मी पडले हुते, आन् तुमी मला लगेच न्हाई उचललं?"

"न्हाई, बाळा."

"किती वेळ?"

या प्रश्नाचं उत्तर गोरक्षला माहीत होतं. अगदी नेमकं माहीत होतं. तरी तो मान खाली घालून टेम्पोत जाऊन बसला.

नगरला पोचायला तीन तास लागले. त्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टर. त्यांनी गोरक्षला ओळखलं, ज्ञानूचं विचारलं. मग त्या लेकराला तपासता तपासता त्यांनी गोजरबाईकडे बघितलं. "आजी, हे कधीपासून? किती दिवस झाले?"

"परवापासनं," गोजरबाई म्हणाली.

"न्हाई मॅडम," गोरक्ष म्हणाला. "नऊ दिवस."

गोजरबाईची मान अशी खाली गेली की हनुवटी छातीला टेकली. गोरक्षला ती मान ओळखीची होती. तो म्हातारीच्या शेजारी जाऊन बाकड्यावर बसला आणि रिपोर्ट येईपर्यंत उठला नाही. त्या लेकराचं दुखणं ज्ञानूसारखंच आहे की निराळं, हे ठरायला वेळ लागणार होता. पण डॉक्टर म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत." हे ऐकायची गोरक्षला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. ज्ञानू ओटीवर वही घेऊन बसली होती. 'ळ'ची ओळ काढत होती: बाभळ, सकाळ, कपाळ. तिनं वर बघितलं नाही. मोनिका आत भाकरी थापत होती, थापायचा आवाज मध्येच थांबला. गोरक्ष पायरीवर बसला. चपला काढल्या, बाजूला ठेवल्या.

"तू काल इचारलं हुतं, किती वेळ," तो म्हणाला.

ज्ञानूची पेन्सिल चालूच होती.

"बाभळीखाली दगड न्हवता. एकबी न्हवता. मी पार त्या कडंच्या पडक्या तालीपोतर गेलो, तिथनं दगड उचलला, आन् माघारी आलो. येवढा वेळ तू तशीच पडली हुतीस."

हे त्यानं ओट्यावर सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आप्पासाहेबाला नाही. मोनिकानं बघितलं होतं, पण दोघांत तो विषय कधी निघाला नव्हता.

ज्ञानू थांबली. ताल, म्हणजे रानाच्या कडेचा दगडी बांध, तिला माहीत होती, रोज शाळेतून येताना दिसायची. ती वहीवरून नजर उचलून रानाकडे बघत राहिली, बाभळीपासून तालीपर्यंत आणि तालीपासून बाभळीपर्यंत. जाऊन येऊन सव्वाशे पावलं, आणि तेवढ्याला किती वेळ लागतो, हे तिला आता चांगलं कळत होतं. गोरक्ष वाट बघत होता. रडली असती, वही फेकून मारली असती, तर त्यानं ती झेलली असती.

तिनं पेन्सिल पुढं केली. "टोक मोडलं," ती म्हणाली. "काढून द्या."

गोरक्षनं हात पुढं केला.

"लगेच द्या," ज्ञानू म्हणाली.

तो उठला आणि ब्लेड आणायला पळत आत गेला.